गाडीखालचे पंधरा दिवस

३ मे, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण सासऱ्यांची गाडी. वय पंचेचाळीस. (गाडीचं.) नजर कमी झाली म्हणून गेल्या वर्षी त्यांनी ती आमच्या स्वाधीन केली. त्यांच्याकडे होती तोवर ऑइलचा एक थेंब गळला नाही. आमच्या पार्किंगमध्ये आली आणि गळायला लागली. फरशीचा उतार चुकीचा असावा.

१८ तारखेला सासऱ्यांना ऐंशी पूर्ण. त्या दिवशी त्यांना याच गाडीतून थोरल्या बहिणीकडे जायचंय. ताई सत्त्याऐंशीच्या, रोज फोन करून कधी येतोस विचारतात. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गळती मीच काढणार आणि गाडीही मीच चालवणार. ही म्हणाली, फोरमनला बोलावू या. फोरमन म्हणजे सासऱ्यांचा जुना मेकॅनिक. साफ नाही म्हणालो. लग्नाला बावीस वर्षं झाली, सासऱ्यांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. आता म्हणतील.

४ मे, रविवार, सकाळी ७
गाडीखाली हिचा केकचा ट्रे ठेवला होता. अकरा थेंब.

सकाळी १०
सापडलं! इंजिनच्या वरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून, एक जाड रबरी नळी एअर फिल्टरकडे जाते. ब्रीदर होज. भेगाळलेली, आतून ऑइलने माखलेली. थेंब तिथूनच. व्हिडिओतला माणूस म्हणतो, इंजिनातला गॅस यातून बाहेर पडतो, होज बदला. नवी मिळायला चार दिवस. इतका वेळ कुणाला आहे? होज काढून, झाकणाच्या ज्या तोंडातून ऑइल येतं तिथे बूच मारलं. थर्मासचं, चाकूने तासून. दिसायला नको म्हणून वरून होज परत चढवली. लोक उगाच चार-चार वर्षं इंजिनियरिंग शिकतात.

५ मे, सोमवार
शून्य थेंब! (गाडी चालू केली नव्हती, पण मुद्दा तो नाही.) हिला ट्रे दाखवला. तिने थर्मासचं बूच पाहिलंत का विचारलं. नाही म्हणालो.

८ मे, गुरुवार
गाडी पंधरा मिनिटं फिरवली. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल. झाकणाखालची पट्टी, म्हणजे गॅस्केट, जुनं झालंय. बदललं. एक नट उरला. कंपनीने जास्तीचा दिला असणार.

११ मे, रविवार
चढावर ऑइल मोजायची सळई, म्हणजे डिपस्टिक, आपोआप उडून बाहेर. बॉनेटला आतून ऑइलचा फवारा. निदान: माझ्या दुरुस्तीने इंजिनाची ताकद वाढली आहे. डिपस्टिक दोरीने बांधली. ट्रेमधले थेंब आता मोजता येत नाहीत. मोजणं हे नवशिक्यांचं काम.

१३ मे, मंगळवार
आता इंजिनाच्या पुढून आणि मागूनही. फटी बुजवायच्या सीलंटच्या दोन ट्यूब संपल्या, पैकी एक माझ्या शर्टवर. पार्किंगमध्ये तळं. शेजारच्या काकू पडता पडता वाचल्या. त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. ट्रे काठोकाठ भरला, तो अलगद कोपऱ्यात सरकवला.

१५ मे, गुरुवार
सासऱ्यांचा फोन. गाडी कशी आहे? नव्यासारखी, म्हणालो. मग ताईला कळवतो, म्हणाले. इतके खूश झाले की फोन ठेवून मी लगेच सीलंटची तिसरी ट्यूब आणायला गेलो. केवळ खबरदारी म्हणून.

१६ मे, शुक्रवार
हिने मला न विचारता फोरमनला बोलावलं. त्याने आधी एकच विचारलं, साहेब, ब्रीदर मोकळा आहे ना? अर्थातच, म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि होज ओढली. मग बूच उपटलं. फुस्स! ते त्याने हिच्या तळहातावर ठेवलं. हिने लगेच ओळखलं.

फोरमन म्हणे, गॅसला वाट दिली नाही तर तो ऑइल घेऊन मिळेल तिथून बाहेर पडणारच. तुमचं नाक-तोंड दाबून धरलं तर तुम्ही काय कराल? ही म्हणाली, करून बघू या का. मूळ दुखणं फक्त फाटकी होज, बाकीचे आजार माझे, असंही तो म्हणाला. गाडी ओढून घेऊन गेला. जाताना त्याला सीलंटचा ब्रँड सुचवला. ऐकलं नाही.

१७ मे, शनिवार
गाडी आली. नवी होज, नवी सील, खाली कोरडं ठणठणीत. फोरमनची अट: उद्या गाडी वहिनी चालवतील. विचारांती मान्य केलं. स्टिअरिंग कुणीही धरेल, देखरेखीला अनुभवी माणूस लागतो. मी मागे बसेन.

१८ मे, रविवार, सकाळी ९
नवा शर्ट. सासरे आले, गाडीवरून हात फिरवला, डोळे भरून आले त्यांचे. गाडी बाहेर काढायला अडचण नको म्हणून मी कोपऱ्यातला ट्रे उचलला. तो भरलेला होता हे ध्यानात राहिलं नाही. गळ्यापासून बुटापर्यंत ऑइल. सासरे हळूच म्हणाले, जावईबापू, सीटची कव्हरं अजून मूळची आहेत. आंघोळ करून येतो म्हणालो. ही म्हणाली, हे आंघोळीने जायचं नाही, आणि ताई सकाळपासून दारात बसल्यात. गेले. मी गेटवरून हात हलवला.

दुपारी १
तिसरा साबण चालू असताना सासऱ्यांचा फोन. आवाज अगदी लहान मुलासारखा. गाडी ताईंच्या अंगणात उभी आहे, खाली एक थेंब नाही, ताई आत बसल्यात आणि उतरायला तयार नाहीत. मी शाबासकीची वाट पाहत होतो. ते म्हणाले, जावईबापू, ताई विचारतेय, यात तुम्ही नक्की काय काय केलंत?

होज फोरमनची, गळती फोरमनने काढलेली, स्टिअरिंग हिच्या हातात. शेवटी म्हणालो, काचा पुसल्या.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्याही हिनेच पुसल्या होत्या.