दोन्ही हात धड

उमापूर, ता. ५ ऑक्टोबर २०२४

चि. लखन यास साखराअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आमी हितं बरे हाव. फोन कावून उचलत न्हाईस? म्हणून नातीकडून, आरोहीकडून, लिहून घेतेय. सांगते तसंच लिही म्हणलंय तिला, तवा शिव्याबी येतील.

सटवाला मेंढरं कातरायला, सावडीच्या माणसांत बसवू नको. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला तवा दवाखान्यात मीच व्हते त्याच्यापाशी. डॉक्टरनं नीट सांगितलं, डावा हात धड हाय, उजवाबी धड हाय, पण मेंदूत दोघांना जोडणारी शीर दुखावली. एकाचं दुसऱ्याला कळत न्हाई. बैल दोन्ही धडधाकट, जू तुटलंय. माझ्यादेखत त्यानं नाडी उजव्यानं बांधली अन् डाव्यानं सोडली. तीनदा. मंग लेकरावानी रडला. तुझ्याहून थोरला हाय रे तो. आई गेल्यावर त्यानंच तुला पाठीवर वागवलं.

शहाणा हो, अन् ह्या म्हातारीवरची माया आटू देऊ नको.

तुझी अक्का

धारूर, ता. १६ ऑक्टोबर

ती. अक्कास लखनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. मेंढरं खुशाल हायत, माणसांचं विचारू नको.

डॉक्टरचं मला सांगू नको. बाजारात जनावर पारखतात तसं मी त्याला चार माणसांपुढं पारखलं. उजव्यानं भरली घागर उचलली. डाव्यानं पळतं कोकरू धरलं. मंग रोग कुठंय? पाच घरची माणसं येऊन आपली मेंढरं कातरून देतात, अन् आपल्या घरचा थोरला झाडाखाली बसतो. सटवा लई चलाख निघाला म्हणतात लोक. ते मला ऐकावं लागतं, तुला न्हाई.

म्हणून बसवलं. त्याचीच लाडकी चांदी मेंढी पुढं दिली. उजव्यानं कातर चालवली. डाव्यानं कातडं ताणून धरायचं, तर तो हात मधीच सुटला अन् मेंढीचं पोट फाटलं. सांजेला मेली. मंग मीबी बोललो, व्हय. सगळ्यांपुढं ढोंगी म्हणलो, कातर हिसकून घेतली. दुसऱ्या दिवशी संगीतावहिनीला घेऊन गेला. तुझ्याकडंच आला आसंल.

रागाव, पण तोडू नको.

लखन

उमापूर, ता. २८ ऑक्टोबर

चि. लखन यास सटवाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आरोहीनं वाचून दाखवलं. अक्का लिहू नको म्हणत व्हती, तरी लिहितो.

तुझ्याआधी मीच मला पारखत व्हतो. श्रावणापासून रानात जाऊन पोत्यावर कातर चालवून बघायचो. जमत न्हाई हे मला ठावं व्हतं. पण तू बस म्हणालास, अन् मला वाटलं, भाऊ म्हणतोय तर व्हईलबी. चांदीनं पाय झाडला न्हाई. माझ्यावर तिचा लई भरवसा व्हता. तिच्या मरणाच्या पापातला अर्धा वाटा तुझा, तो मी घेणार न्हाई.

मेंढरं तुला लखलाभ. मी परत येत न्हाई. हितं शेळ्यांना पाणी दाखवतो, त्याला एक हात पुरतो.

अक्षर वाकडं आलंय. उजवा लिहितो, पण कागद धरायला डावा ऐकत न्हाई. संगीता धरते म्हणाली, नको म्हणलो. दगड ठेवलाय. तू शाळेत व्हतास तवा तुझी पाटी मी दोन्ही हातांनी धरायचो, तू गिरवायचास. तेवढं आठवत आसंल तर पुरे.

तुझा ढोंगी भाऊ,
सटवा