तानीचा स्वेटर

३ ऑगस्ट
व्हिसा आला. मेल गोठ्यातच वाचला, एका हातात फोन, दुसऱ्यात दुधाची चरवी. आई म्हणाली, "बरं झालं," आणि तव्यावरची भाकरी करपवली. आबा तानीच्या, आमच्या एकुलत्या एका म्हशीच्या, पाठीवर हात फिरवत राहिले. नेदरलँड्स. पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करत होते तेच बरं होतं, असं आज वाटतंय. अर्ज करताना नव्हतं वाटलं.

६ ऑगस्ट
गेल्या हिवाळ्यात आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून धार मीच काढते. आता त्यांचा हात पुष्कळ सुधारलाय. पण तानीला माझी सवय लागली. आज मुद्दाम ते बसले. म्हशीनं आंबोण सगळं खाल्लं आणि पान्हा चोरला. मी बसले तर लगेच चरवी वाजायला लागली.
"माझ्याच म्हशीला मी परका झालो की गं." हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. हे माझ्यामुळं झालं. मदत करायला गेले आणि...

९ ऑग.
संध्याकाळी तानीला घेऊन गंगावेशीत दूधकट्ट्यावर. गिऱ्हाइकासमोर धार, फेसासकट ग्लास हातात. आबांचं सगळं आयुष्य या एवढ्या जागेत गेलं. तानीनं दूध द्यायचं थांबवलं तर ती विकायची आणि कट्टा बंद. दुसरी म्हैस घेणार नाही, हे त्यांनी सांगून टाकलंय.
रोजचे एक काका म्हणाले, "पोरगी चालली व्हय परदेशाला? मग आमच्या दुधाचं काय?"
"मी हाय की," आबा म्हणाले. काका माझ्या हाताकडं बघत राहिले.

१४ ऑग.
आज गंमत. माझा कॉलेजचा मरून स्वेटर धारेला बसताना घालते, थंडी असो नसो. गोठ्यातल्या खुंटीलाच असतो, वास तर विचारू नये. आबांनी सकाळी तो चढवला. काखेत टरकन उसवला. तानीनं बाही हुंगली, कान हलवले आणि पान्हा सोडला. आबांचे डोळे भरले. त्या तोकड्या बाह्यांत ते असले ध्यान दिसत होते की हसता हसता मलाच रडू फुटलं.
"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. धुऊ नगंस. आन् तुझ्या आईला बोलू नगंस, जलमभर चेष्टा करंल."
नाही बोलले.

१८ ऑग.
चार दिवस आबाच धार काढतायत. मी गोठ्यात जातच नाही. बरं वाटतंय. थोडं वाईटही वाटतंय, का ते कळत नाही.

२१ ऑग.
बॅगा आईनंच भरल्या. कांदा-लसूण चटणी तीन पिशव्यांत गुंडाळून. "लई थंडी असतीया म्हणं तिकडं." रडत होती, हात मात्र थांबत नव्हते.
तानीला भेटले. ती रवंथ करत होती.
आबा : "जातो म्हणू नगंस. येतो म्हण."
म्हटलं.

२४ ऑग.
पोचले. खोली बरी. खिडकीतून सायकलीच सायकली. मोठी बॅग आज उघडली. तळाशी स्वेटर. धुतलेला, इस्त्री केलेला, काखेतली उसवण शिवलेली. साबणाचा सुगंध.
मी तो गोठ्यात विसरले असं वाटलं असणार आईला. तिला आम्ही काही सांगितलंच नव्हतं.
जेवले नाही.

२५ ऑग.
आबांना फोन.
"तानी कशी हाय?"
"झ्याक. रोज देतीया."
"स्वेटर घालता न्हवं?"
"व्हय की. तुझाच वास येतोय अजून त्याला."
स्वेटर माझ्या मांडीवर होता. "बरं," म्हटलं. खुंटीवरून तो गेला हे त्यांनी आईलाही बोलून दाखवलेलं दिसत नाही.

३१ ऑग.
ऑफिसात मी लिहिलेला पहिला कोड लाइव्ह गेला. सगळ्यांनी कौतुक केलं. परतताना आईचा फोन. मागं चहा उकळत होता.
"दूध कट्ट्यावरनं राहिलेलं का?"
"न्हाय, पिशवीचं हाय. तानीला जरा इश्रांती दिलीया म्हनत्यात तुझं आबा."
आमच्या घरात पिशवीचं दूध. लहानपणापासून कधी पाहिलं नाही.

३ सप्टें.
स्वेटर रोज घालते. ऑफिसातही. धुवायचा नाही, माझा वास परत मुरायला हवा. इथला सांगलीचा एकजण दिवाळीला घरी जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवता येईल. पण पाठवला की आबांना कळणार, त्यांचं खोटं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
आज परत फोन. "देतीया की," म्हणाले. मीही "छान" म्हटलं. दिवाळीपर्यंत तानी गोठ्यात असेल का, एवढं विचारायचं होतं. विचारलं नाही.