निवांत गटाचे उंदीर

३ जून
आजपासून रागावणं बंद. कायमचं. राग हा शेवटी रसायनांचा खेळ आणि रसायनं हा माझा विषय, तेव्हा मला नाही जमणार तर कोणाला? सप्टेंबरअखेर पेपर स्वीकारला गेला तर नोकरीला तीन वर्षं मुदतवाढ, नाहीतर नारळ. सरांनी हे आज तिसऱ्यांदा सांगितलं. एकदा सांगितलं तरी कळतं मला! (रागावलो नाही. मोठ्याने म्हणालो इतकंच.)

४ जून
बायकोने विचारलं, उंदरांवर नक्की करता काय? सोपं करून सांगितलं. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांना शेपट्या असतात. शेपटीला ॲसिटिलचा टॅग लागला की गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक कामाला लागतं. टॅग काढला की गुंडाळी घट्ट, जनुक गप्प. धागा तोच, बदलतात ते टॅग. छळलेल्या उंदरांच्या मेंदूत ताणाच्या जनुकापाशी टॅग जास्त, निवांत उंदरांत कमी, एवढं मला दाखवायचंय. ती म्हणाली, म्हणजे कोणी सारखं छळलं की आत खोलवर नोंद होते? म्हटलं, अगदी बरोबर. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. विषय आवडलेला दिसतो.

१० जून
काम सुरू. ताण गटाला प्राणिगृहातले मामा रोज अकराला शेजारच्या खोलीत नेतात, अर्धा तास अरुंद नळीत बसवतात. निवांत गट जागेवरच. त्यांना काही करायचं नाही. मी जातीने तिथे थांबतो. त्या खोलीत इतकी शांतता असते की माझे सगळे फोन मी तिथूनच करतो. आज टॅग शोधणाऱ्या अँटिबॉडीच्या कंपनीला केला. पार्सल नऊ दिवस लेट. नऊ! पलीकडच्या माणसाची बिनपाण्याने केली. फोन ठेवल्यावर छान मोकळं वाटलं.

२३ जून
पहिल्या फेरीचा निकाल. दोन्ही गटांत टॅग सारखेच. कंपनीला पुन्हा फोन. शिळा माल पाठवता काय, म्हणालो. ते म्हणे बाकी कोणाची तक्रार नाही. बाकीचे मूर्ख आहेत त्याला मी काय करू? खोलीत आवाज घुमतो हे आज लक्षात आलं. बांधकामच भिकार.

१ जुलै
गुन्हेगार सापडला. मामांचा रेडिओ! हळू लावतात, पण लावतात. निवांत गटाला निवांतपणा लागतो हे त्यांना तिथेच उभं राहून अर्धा तास समजावलं. आवाज चढला असेल थोडा. मुद्दा पोचायला नको? मामा म्हणाले, साहेब, तुम्ही आलात की हे सगळे कोपऱ्यात जातात. म्हटलं, त्याला शिस्त म्हणतात. आता रोज अकराला रेडिओ तपासणी.

१६ जुलै
दुसरी फेरी. निवांत गटात टॅग ताण गटापेक्षा जास्त! नळीत कोंबलेले बरे आणि आयतं खाऊन बसलेले हवालदिल! सर म्हणाले, असं अजून कोणाचंच आलेलं नाही. कौतुक नव्हतं ते. बाहेर येऊन दहा अंक मोजायला घेतले. चारपर्यंत ठीक होतं. मग फ्रीझरचं दार कोणीतरी अर्धवट लावलेलं दिसलं.

१७ जुलै
पायाचं बोट मोडलं. फ्रीझर मध्ये आला. तीन आठवडे घरी. तिसरी फेरी शांतिदूताकडे. ही आमची ज्युनियर. कितीही झापलं तरी ‘ठीक आहे’ म्हणते. डोकं जातं.

२९ जुलै
मुलगी हल्ली अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते. तिथे म्हणे शांतता असते. मग इथे कोण ओरडतंय, असं तिला विचारलं. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

११ ऑगस्ट
कामावर रुजू. तिसऱ्या फेरीचा निकाल देखणा! ताण गटात टॅगच टॅग, निवांत गटात नावाला. माझी शिस्त मुरायला दोन महिने लागले, दुसरं काय. सरांना तसं सांगितलं. सरांनी मामांची वही मागवली. निवांत गटाच्या खोलीत कोण आलं, किती वेळ थांबलं, मामा सगळं लिहितात. पहिल्या दोन फेऱ्यांच्या पानांवर रोज मी. अकरा ते साडेअकरा. शेरा: ‘फोनवर. उंदीर कोपऱ्यात.’ तिसऱ्या फेरीची पानं कोरी. शांतिदूत छताकडे बघत होती. आगाऊ.

१२ ऑगस्ट
सर म्हणाले, यातच पेपर आहे. आता नवा गट. नळी नाही, काही नाही, फक्त मी. रोज पिंजऱ्यांसमोर अर्धा तास नेहमीसारखं बोलायचं. पेपरात माझा उल्लेख ‘ताणाचा स्रोत’. मी ताडकन उठलो. हा अपमान आहे, म्हणालो. सर म्हणाले, वा, हाच आवाज ठेवा.
हो म्हणालो. करतो काय?

२७ ऑगस्ट
घसा पार बसला. आवाज नाही. खरं सांगायचं तर आज रागही नव्हता, पण रतीब चुकवून चालत नाही. खोलीत जाऊन नुसता उभा राहिलो. बाराच्या बारा उंदीर कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. आजचा दिवस बाद धरायचा का, असं मामांना खुणेने विचारलं. मामा म्हणाले, कशाला साहेब, झालं की काम. वहीत लिहूनही टाकलं.
दुपारी सरांनी पहिले नमुने दाखवले. टॅग भरभरून. पेपर नक्की म्हणाले. मुदतवाढीच्या कागदावर माझ्यासमोर सही केली.
ही बातमी सांगायला लवकर घरी गेलो. आत बायको आणि मुलगी कशावरून तरी खूप हसत होत्या. मी दार उघडलं. हसणं थांबलं. मुलगी दप्तर उचलून मैत्रिणीकडे गेली.
मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो.