लायमनच्या नावापुढचा शेरा

एल्क फोर्ड, आयोवा
१२ मार्च १८८७

प्रिय डेलिया,

तुला आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार. इथे बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. आमच्या क्लाराचा खोकला आता बरा आहे.

तुझं तिसरं पत्र मिळालं. तू चिडली आहेस, पण मीही काही कमी वैतागलेलो नाही. आमच्या स्वयंसेवक घोडदळाचा इतिहास लिहायचं काम या लोकांनी माझ्या गळ्यात मारलं आणि आता जो तो मला शिकवतोय. उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या एकाच हल्ल्यात सगळ्यांत पुढे आपलाच घोडा होता, असं छत्तीस जणांनी कळवलंय! मेजर व्हिटकॉम्ब म्हणतात, "स्टेबिन्स, पळापळ नका लिहू. शिस्तीत माघार लिहा." शिस्तीत! अर्ध्यांच्या पायांत बूट नव्हते.

तुझा प्रश्न एकच. हजेरीपटावर लायमनच्या नावापुढे 'पळून गेला' कोणी लिहिलं? कारकुनाने लिहिलं, असं मी दोनदा कळवलं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

त्या माघारीत माझी घोडी नदीपलीकडे राहिली. मी दुसऱ्याच्या मागे बसून अलीकडे आलो होतो. मी सार्जंट; सार्जंटनेच घोडी टाकली म्हटल्यावर बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती गेल्या असत्या. मी तुझ्या भावाला, लायमनला, म्हटलं, "तुझा घोडा दमलेला नाही. जा, तिला घेऊन ये."

"ऑरिन, पलीकडे दक्षिणवाले पोचलेत रे."

"मग लवकर जा."

तो हसला आणि त्याने घोडा पाण्यात घातला. पलीकडे झाडीत शिरला. गोळ्यांचे आवाज आले. थोड्या वेळाने माझी घोडी एकटीच पोहत आली.

दुपारी हजेरीला कॅप्टनने विचारलं, "लायमन प्रॅट कुठाय?" मागून कोणीतरी म्हणालं, "पळाला असेल, साहेब." मी पुढच्याच रांगेत होतो. काही बोललो नाही. नंतर तुझी आई चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर बसायला लागली. तेही पाहिलं, तरी बोललो नाही.

मेजर म्हणतात, "जुनं उकरू नका, छापखाना खोळंबलाय." खोळंबू दे! लायमनला मीच पाठवलं, हे सांगणारं पान मी माझ्या नावानिशी लिहून दिलंय. ते गाळलं तर उरलेला इतिहास त्यांनी स्वतः लिहावा. नक्कल सोबत आहे. चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचायची असेल तर वाच. बोलावलंस तर मी तिथे उभा राहीन.

क्षमा मागायला धजत नाही.

लायमनला पलीकडे पाठवणारा,
ऑरिन स्टेबिन्स