माकों रोमनेस्क मंडळाची बारावी सहल

सोमवार, ६ मे १९९६. सकाळी ७.

माकोंहून प्रस्थान. एकूण सभासद आठ, हजर एक. मी. कोरम होत नाही, पण अध्यक्ष हजर असला की सहल निघते.

बाकीच्या सातांच्या अडचणी खऱ्या आहेत. फिर्मँचा गुडघा धरलाय. चाळीस वर्षं खाटिकाच्या दुकानात उभं राहून दुसरं काय होणार. आमचे सेक्रेटरी आर्सेन यांच्या घराचं पन्हाळं गळतंय. पोस्टातून रिटायर झालेल्या क्लोतिल्दबाईंची बहीण आजारी आहे. दोघी पेरे भगिनींना दातांच्या डॉक्टरांनी एकाच आठवड्यात बोलावलंय. उरलेल्या दोघांनी काहीच कळवलं नाही, म्हणजे ते बहुधा येणार.

संकल्प: पाच दिवसांत बावीस चर्चेस. प्रत्येकी अकरा मिनिटं. टोकदार कमान दिसली तर गाडी थांबवायची नाही. आपलं मंडळ रोमनेस्क, म्हणजे जुन्या गोल कमानींचं आहे.

कोणत्या दिवशी कोणतं हॉटेल, ते परिपत्रक सगळ्यांना पोस्टाने गेलंय. हॉटेलांना आठ जणांचं टेबल ठेवायला सांगितलंय. मधेच कुणी येऊन मिळालं तर खोळंबा नको.

सोमवार, संध्याकाळी.

पाच चर्चेस झाली. प्रत्येक ठिकाणी अकरा मिनिटं संपताच सवयीने निघायची शिटी वाजवली. पहिल्या चर्चमध्ये एक म्हातारी प्रार्थना करत होती, ती दचकून उभी राहिली. माणसांना शिस्त उपजत असते, फक्त कुणीतरी वाजवावं लागतं.

हॉटेल 'तीन पारवे'. खिडकीत जिरेनियम, जिन्यात मेणाच्या पॉलिशचा वास. मालकीण मादाम जिनेत. टेबलावर आठ ताटल्या, आठ नॅपकिन्स. बाईंनी विचारलं, बाकीचे येताहेत ना, साहेब? म्हटलं, वाटेत असतील. साडेआठला त्यांनी मुकाट्याने चार ताटल्या उचलल्या. मी हरकत घेतली नाही. चार म्हणजे व्यवहार्य अंदाज.

लाल वाइनमधली अंडी उत्तम. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. वहीत लिहिलं.

मंगळवार, ७ मे.

चार चर्चेस. एकाला कुलूप. किल्ली बेकरीत असते, आणि बेकरी मंगळवारी बंद. बाहेरून लांबी-रुंदी घेतली. फीत एकट्याने धरणं अवघड. दुसरं टोक दगडाखाली ठेवलं, तर तीनदा सुटलं. हे टोक धरायचं काम फिर्मँचं. तो असता तर त्याने नेहमीप्रमाणे विचारलंच असतं, की आशिल, हे चर्च काय विकायला काढलंय का? अकरा वर्षं हाच विनोद. आज चुकल्यासारखं झालं.

मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडा नसला की झोप लागत नाही.

हॉटेलमधून आर्सेनना फोन केला. पन्हाळ्याची चौकशी करायला. कुणी उचलला नाही. छपरावर असतील.

बुधवार, ८ मे. महायुद्धाचा विजयदिन.

गावोगावी समारंभ. एका गावात चर्चसमोरच हुतात्म्यांचा स्तंभ, त्यामुळे मधे अडकलो. बँड, फुलं, मेयरांचं भाषण. नंतर सगळ्यांना पांढरी वाइन. मेयर मला म्हणाले, तुम्ही कुणाकडचे? म्हटलं, मी माकोंचा, अध्यक्ष आहे. ते म्हणाले, हो का, वा वा, आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले. वाइन संपेपर्यंत थांबलो. उगाच. वेळापत्रक पंचावन्न मिनिटं मागे.

आर्सेनकडे तीनदा फोन. क्लोतिल्दबाईंकडे दोनदा. फिर्मँकडे एकदा, पण बराच वेळ वाजू दिला. धरलेल्या गुडघ्याने फोनपर्यंत यायला वेळ लागतो.

आजच्या हॉटेलात टेबल भिंतीकडे सरकवलेलं. मालक म्हणाले, साहेब, एकट्याला कोपरा बरा पडतो, लोक बघत नाहीत. मी सांगितलं की माझं आरक्षण आठ जणांचं आहे. ते म्हणाले, आहे ना, कोण नाही म्हणतंय.

गुरुवार, ९ मे.

तीन चर्चेस. थोडी सर्दी. एका खांबाच्या माथ्यावर दोन माणसं एकमेकांची दाढी ओढताना कोरलीत. भांडतायत की खेळतायत, आर्सेननी आणि मी मागे यावर तासभर वाद घातला होता. आज दोन्ही बाजू मीच मांडल्या. मीच जिंकलो.

संकल्प: पुढच्या वर्षी परिपत्रक जानेवारीतच पाठवायचं. म्हणजे गुडघे, पन्हाळी वगैरे वेळेत उरकतील.

शुक्रवार, १० मे. दुपारी ३.

मोठी बातमी. टेकडीवरच्या चर्चची किल्ली शेजारच्या शेतातल्या बाईंकडे असते. त्या म्हणाल्या, अय्या, परत माकोंचेच? काल सात जण आले होते, काय गमतीदार लोक हो. दारात पायऱ्यांवर बसून सॉसेज खाल्लं, मलाही दिलं, गाणी म्हटली. दुपारभर हलले नाहीत. त्यातला एक जाडजूड माणूस घंटेच्या मनोऱ्यावर दोनदा चढला.

अभिप्रायाची वही पाहिली. सातही सह्या. फिर्मँची सगळ्यात मोठी.

उलगडा झाला. हे सगळे मला गाठायला निघालेत. मला चकित करायचा बेत. परिपत्रकातली तारीख चुकीची वाचली असणार, म्हणून एक दिवस पुढे गेले. आर्सेनना तारखा कधीच नीट वाचता येत नाहीत.

बाईंनी सांगितलं, ते 'जुन्या गिरणी'त उतरलेत. मी ते हॉटेल यादीतून काढलं होतं. सर्वांत जवळची गोल कमान सात किलोमीटरवर. पण ओढ्याकाठी आहे म्हणतात, आणि जेवण चांगलं. निघतो. त्यांची शोधाशोध वाचेल.

शुक्रवार, रात्री १०.

लांबूनच हसणं ऐकू आलं. अंगणात लांब टेबल. मी आत गेलो आणि हसणं थांबलं. म्हटलं, सापडलात. मग आर्सेननी खुर्ची आणली. सगळे फार अदबीने वागले. मीठ हवं का, वारा लागतोय का. फिर्मँने एकही टोमणा मारला नाही.

मी म्हटलं, पन्हाळं दुरुस्त झालं वाटतं. आर्सेन म्हणाले, कुठलं पन्हाळं?

कॉफीनंतर क्लोतिल्दबाई मला ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या. म्हणाल्या, आशिल, खोटं बोललो ते चुकलंच आमचं. पण एक सांगते. गेल्या वर्षीची सहल ही फिर्मँची बायको वारल्यावरची त्याची पहिलीच. तो खांबाला टेकून रडत होता. तुम्ही त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलंत, खांबाचा घेर घ्यायचा होता म्हणून. आणि मग शिटी वाजवलीत.

मी म्हटलं, मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, तेच तर.

खोलीत येऊन गेल्या वर्षीची वही काढली. घेर दोन मीटर अडतीस सेंटिमीटर. वेळ अकरा मिनिटं. शेरा: सभासदांची हालचाल संथ. रडण्याची नोंद नाही.

शनिवार, ११ मे. सकाळी ९.

न्याहारीला फिर्मँ समोर बसला. त्याने पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. त्याच्या बायकोचं नाव मातिल्द होतं, हे मला रात्रीपासून आठवत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, लोणी छान आहे. तो म्हणाला, हो, इथलंच आहे.

नंतर सगळे ओढ्याकडे फिरायला गेले. येता का, असं पेरेंपैकी धाकटीने विचारलं. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, जरा काम आहे.

काम म्हणजे राजीनामा लिहिला. चार ओळी. कारणाच्या जागी 'प्रकृती' लिहिलं. मग कुणाकडे द्यायचा ते बघायला मंडळाची घटना काढली. ती मीच लिहिलेली. कलम नऊ: राजीनामा अध्यक्षांकडे सादर करावा.

सादर केला. अध्यक्षांनी तो लगेच मंजूर केला. थांबा कुणी म्हटलं नाही.