मनोऱ्याच्या गोळ्यातला कागद

२ ऑगस्ट १९९८

काम मिळालं! चर्चच्या मनोऱ्याचे पत्रे बदलायचे. चार वर्षं बंदरं पालथी घातली आणि परत आलो ते याच सडक्या गावात — सीमेवरचं, अर्धं आमच्या देशात, अर्धं लाटव्हियात, दोन्ही अर्धी सारखीच कुजकी.

आजीला सांगितलं. बटाटे सोलता सोलता तिचा हात थांबला. "दुसरं काहीही कर. मनोऱ्यावर चढू नकोस." उंचीला घाबरते, दुसरं काय!

५ ऑगस्ट

रेबाने परांचीखाली आला होता. चर्चच्या कमिटीचा मुख्य — आधी पोट येतं, मग तो. सगळ्यांदेखत म्हणतो, "काय रे पेलाचोराच्या नातवा! मनोऱ्याच्या टोकावर पत्र्याचा कोंबडा एकच आहे हां. मोजून ठेवलाय!"

सगळे हसले. पाद्रीसुद्धा, खाली मान घालून.

चव्वेचाळीस साली, युद्धात, चर्चचा चांदीचा पेला गेला. आळ आला घंटा वाजवणाऱ्या आडूवर — म्हणजे आमच्या आजोबांवर. दोन वर्षं तुरुंग. मरेपर्यंत म्हणायचे, "मी हातही लावला नाही." ऐकतो कोण! आजी अजून शेवटच्या बाकावर बसते. प्रभुभोजनाचा पाव-द्राक्षारस घ्यायला पुढे म्हणून कधी गेली नाही. या लोकांनी तिची ही गत केली!

९ ऑगस्ट

पाऊस. धुरावलेला मासा खाल्ला. काटा घशात.

११ ऑगस्ट

मिस्त्रीनं सांगितलं — कोंबड्याखालच्या तांब्याच्या गोळ्यात कागद असतात. दर दुरुस्तीला पाद्री गावाची खरी हकिकत लिहून आत बंद करतो. देव वाचेल, नाहीतर पुढचा मिस्त्री. शेवटचा उघडला कधी? चव्वेचाळीसच्या शरदात!

म्हणजे चोर वर आहे! पैज रेबानेच्या बापावर. रविवारी भरल्या चर्चमध्ये वाचून दाखवणार. रेबानेला तोंडावर सांगून आलो.

आजी म्हणाली, "जुनं उकरून कोणाचं भलं झालंय, पोरा?"

भडकलो. "तुला आजोबांची लाज वाटते!"

ती काळा पाव कापत राहिली. आख्खा कापला.

१९ ऑगस्ट, परांचीवर

उघडला. मिस्त्री खाली गेलाय. जुन्या पाद्र्याचं अक्षर —

"सैन्यातून पळालेली एकोणीस पोरं तळघरात कैदेत होती. पेला पहारेकऱ्याला दिला, पोरं सुटली. पेल्याची चौकशी होईल तेव्हा चोर म्हणून आडूचं नाव सांगायचं ठरलं. त्याला मागेपुढे कोणी नाही. त्याला विचारलेलं नाही. देव आम्हा तिघांना क्षमा करो."

सह्या. पाद्री. रेबानेचा बाप — म्हटलं नव्हतं! ओरडणारच होतो.

तिसरी — हेल्मी कूसिक, चर्च झाडणारी.

आजीचं माहेरचं नाव.

ती खाली रस्त्यात उभी आहे. वर बघतेय.