कव्हर माझे, पेटंट मेहुण्याचे

मी, खोक्यांच्या कारखान्यांत हयात घालवलेला फिटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

राहते घर मुलाला, विनाअट. "बाबा, मिटवून टाका ना, एका रबराच्या तुकड्यापायी किती भांडाल?" असे तो म्हणतो, तरीही. पोटचा पोर आहे.

शिल्लक पत्नीला. तिने ती वकिलावर उधळू नये. उधळेल, हे मला ठाऊक आहे. तेही ज्या भावाला कडेवर खेळवले त्याच्याविरुद्ध.

आता रबराच्या तुकड्याविषयी. पुठ्ठा कापणाऱ्या यंत्रात दोन सिलिंडर फिरतात. एकावर पाती, दुसऱ्यावर पात्यांचा मार झेलणारे कव्हर. पूर्वी ते बोल्टने आवळत. बदलायचे म्हटले की अर्धी पाळी वाया. माझे कव्हर दोन्ही टोकांचे दात एकमेकांत अडकवून बसते, तळहाताने ठोकले की निघते. मेहुणा तेव्हा माझा भागीदार होता. त्याने पेटंट परस्पर स्वतःच्या नावावर केले.

माझ्या जुन्या सिलिंडरमध्ये एक बोल्ट गंजून रुतला होता, डोके वर राहिले होते. म्हणून मी कव्हराच्या पोटात खाच पाडली. मेहुण्याच्या कोऱ्या सिलिंडरवर तसले काही नाही, तरी त्याच्या पेटंटच्या चित्रात खाच आहेच! न्यायालयात विचारले तर म्हणाला, "हवा खेळायला." नक्कल करायलाही अक्कल लागते.

तो जुना सिलिंडर मुलीला. भंगारवाल्याने कितीही गोडीगुलाबी केली तरी द्यायचा नाही, बोल्ट उपटायचा नाही. खटल्यातला माझा हक्कही तिलाच. ती माझ्यावर गेली आहे, मिटवणार नाही.

माझा चष्मा मेहुण्याला. खाच नीट बघ म्हणावे.

तडजोडीच्या कागदावर माझी सही आढळली तर ती खोटी समजावी. म्हातारा मेला की मी सुटलो, असे मेहुणा सांगत फिरतो. मला त्याचा संताप येतो, आणि तो गिळायची माझी इच्छा नाही.

लिहून ठेवणार: कव्हरवाला (सही)
ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: सुनावणीचा आदला दिवस

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही)

साक्षीदार दुसरा: मेहुण्याकडचा यंत्रचालक. मी त्याला बजावले, "विचार कर बाबा, मालक नोकरीवरून काढेल." तो म्हणाला, "काका, भागीदारीत होतात तेव्हा पहिलं कव्हर तुम्ही माझ्याच यंत्रावर चढवलंत. इथं नुसती सही करून काय होतंय? उद्या मला कोर्टात घेऊन चला." (सही)